पार्किंगमधले बिगरसभासद

स्मरणिका समितीने मला सांगितलं, "काका, तुम्ही दोन वेळा सेक्रेटरी होतात, पार्किंगचा इतिहास तुम्हीच लिहा." मला वाटलं, कोणाला कुठली जागा मिळाली, स्टिल्टमध्ये पट्टे कधी मारले, पाहुण्यांच्या गाड्यांवरून कोणाची भांडणं झाली, हे लिहायचं असेल. म्हणून कपाटातून इतिवृत्ताच्या जुन्या वह्या काढल्या. पहिल्या वहीच्या कोपऱ्याला हात लावला तर तो गळून पडला. कुरतडलेला होता. तेव्हाच ठरवलं, आपल्या पार्किंगचा इतिहास लिहायचा तर तिथे आपल्याआधीपासून राहणाऱ्यांचा लिहायला हवा. शेअर सर्टिफिकेट नाही, मेंटेनन्स नाही, सर्वसाधारण सभेला हजेरी नाही, तरी पंचवीस वर्षांत एक रात्रही गैरहजर न राहिलेले हे आपले बिगरसभासद. म्हणजे उंदीर आणि घुशी.

हसण्यावारी नेऊ नका. या विषयाने आपल्याकडे दोन घरांमधली बोलाचाली काही महिने बंद पाडली होती. एका रात्री तर एका आजींच्या जिवावर बेतलं होतं. त्यात माझाही वाटा होता. तो मी आजवर कोणाला सांगितला नाही. आज लिहितो.

आपल्याआधी इथे कोण होतं

सिंहगड रस्त्याच्या या भागात पूर्वी शेतं होती, हे इथल्या जुन्या माणसांना आठवत असेल. बाजूला मुठा कालवा, कालव्याचं पाणी, पाण्यावर भाजीपाला आणि ऊस. शेत आलं की घूस आली. शेताच्या बांधात बीळ करायचं, सुगीत धान्य ओढून न्यायचं आणि आत कोठार भरून ठेवायचं, हा तिचा धंदा. खेड्यात गरीब माणसं सुगी झाल्यावर घुशींची बिळं उकरून ते धान्य बाहेर काढायची. इंग्रजीत घुशीला बँडिकूट म्हणतात, तो शब्द मूळचा तेलुगू, 'पंदिकोक्कु', म्हणजे डुक्कर-उंदीर. अंगापिंडाने बघितलं तर नाव अगदी शोभतं.

बिल्डरने शेतं घेतली, पाया खणला, इमारती उभ्या केल्या. शेतकरी गेला, घूस गेली नाही. तिने फक्त बीळ बदललं. बांधाच्या जागी ड्रेनेजचा चेंबर आला, उसाच्या जागी आपला ओला कचरा आला. तिच्या दृष्टीने बघितलं तर सोय वाढलीच.

27 सप्टेंबर 2018 रोजी दांडेकर पुलाजवळ हाच कालवा फुटला आणि वस्तीत पाणी शिरून शेकडो कुटुंबांचे संसार वाहून गेले. तेव्हाच्या जलसंपदा मंत्र्यांनी घुशी, उंदीर आणि खेकड्यांनी भिंत पोखरल्याचं सांगितलं. त्यावर पुण्यात पुष्कळ विनोद झाले. भिंतीच्या देखभालीचं काय, हा प्रश्न लोकांनी विचारला तो बरोबरच होता. पण आपल्या सोसायटीत त्या दिवशी मागच्या कंपाउंडच्या भिंतीकडे बघणारे बरेच निघाले.

पुणं आणि उंदीर

माझी आजी सदाशिव पेठेत वाढली. तिच्या लहानपणी प्लेग दर एक-दोन वर्षांनी परत यायचा. ती सांगायची, "घरात उंदीर पडला की वडील काही विचारायचे नाहीत. भांडीकुंडी बांधायची आणि गावाबाहेर झोपडीत जायचं." उंदीर पडणे म्हणजे माळ्यावरून, आढ्यावरून आपोआप मरून पडणे. प्लेगची ती पहिली खूण. आधी उंदीर मरत, मग माणसं.

हा प्लेग सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात उघडकीस आला. धान्याची गोदामं, दाटीची वस्ती आणि मेलेले उंदीर. डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी तो ओळखला. लवकरच तो पुण्यात पोचला. फेब्रुवारी 1897 मध्ये सरकारने साथरोगांचा कायदा केला. पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीने सोजिरांकरवी घरोघर झडत्या घेतल्या, सामान रस्त्यावर टाकलं, माणसांची अप्रतिष्ठा केली. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडला गोळ्या घातल्या, हे आपण शाळेत शिकलो. त्याच वर्षी 10 मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. हे मात्र आमच्या वेळी शाळेत फारसं कोणी सांगत नसे.

पण मला या इतिहासातली एक वेगळीच गोष्ट सांगायची आहे. तेव्हा प्लेग नेमका कशाने पसरतो हे कोणालाच ठाऊक नव्हतं. सगळे म्हणत, घाणीने, दूषित हवेने. म्हणून मुंबईत गटारांमध्ये कार्बोलिक आणि समुद्राचं पाणी सोडून ती धुऊन काढली. भिंती धुतल्या, घरं उघडी केली. त्याने काय झालं? गटारातले, भिंतीतले उंदीर जीव घेऊन पळाले आणि शेजारच्या घरांत शिरले. अंगावरच्या पिसवांसकट. प्लेग उंदरावरच्या पिसवांतून माणसाला होतो, हे पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच डॉक्टरने 1898 मध्ये कराचीत दाखवून दिलं, आणि तेही लोकांनी मान्य करायला आणखी काही वर्षं गेली.

आपल्या घरातला उंदीर हाकलला की तो शेजाऱ्याच्या घरात जातो. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

स्कूटर आणि मारुतीचे दिवस

आपण राहायला आलो तेव्हा खाली स्कूटरच जास्त होत्या. गाड्या थोड्या, त्यातल्याही निम्म्या मारुती 800. ही गाडी डिसेंबर 1983 मध्ये बाजारात आली. जुन्या मॉडेलला कार्ब्युरेटर. बॉनेट उघडलं की इंजिन, बॅटरी आणि मोजक्या वायरी दिसायच्या. उंदराने एखादी तोडली तर नाक्यावरचा मेकॅनिक दोन टोकं सोलून, पीळ देऊन, वर काळी चिकटपट्टी गुंडाळून चहाच्या पैशांत काम करून द्यायचा. उंदरांचा तेव्हा जोर होता तो सीटच्या स्पंजवर. एका सभासदाच्या स्कूटरच्या सीटखाली सहा गुलाबी पिल्लं निघाली होती, आणि ती बघायला सगळी मुलं जमली होती. त्यातली काही मुलं आता ही स्मरणिका अमेरिकेत बसून वाचतील.

त्या वर्षांतली एक गोष्ट मात्र आठवली की वाईट वाटतं. मागच्या भिंतीपाशी एक मोठी धामण होती. एका रविवारी ती पार्किंगमध्ये आली, आरडाओरडा झाला, आणि आपण पाच-सहा जणांनी काठ्यांनी तिला मारलं. मीही होतो. धामण बिनविषारी असते आणि उंदीर हेच तिचं मुख्य अन्न, हे नंतर एका सर्पमित्राने समजावलं. भिंत फरशी लावून गुळगुळीत केली, मागचं जुनं झाड तोडलं, त्याच्या ढोलीतलं गव्हाणी घुबडही गेलं. मग उंदीर वाढले, म्हणून आम्ही आश्चर्य करत बसलो.

गाड्या बदलल्या

पुढच्या काळात गाड्या बदलत गेल्या. धुराचे नियम कडक झाले तशी कार्ब्युरेटरची जागा इंधन फवारणाऱ्या इंजेक्शनने घेतली, प्रत्येक गोष्टीला सेन्सर आला, प्रत्येक सेन्सरला वायर आली. 1 एप्रिल 2020 पासून देशभर भारत स्टेज सहा लागू झालं तेव्हा तर बॉनेटखाली वायरींचं जाळंच दिसू लागलं. आता उंदराने एक बारीक वायर तोडली तरी गाडी जागेवरून हलत नाही. मेकॅनिक पीळ देत नाही, अख्खा हार्नेस बदलायला सांगतो. त्याचं बिल ऐकून आपल्या खजिनदारांना घाम फुटला होता.

लोक विचारतात, उंदीर वायरी खातो का? खात नाही. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते घासले नाहीत तर त्याला तोंड मिटता येणार नाही, खाता येणार नाही. म्हणून तो कठीण-मऊ जे समोर येईल ते कुरतडतो. वायरीचं आवरण दाताला अगदी सोयीचं. हल्ली आवरणात सोयाबीनपासून केलेला माल वापरतात म्हणून उंदीर येतात, असा दावा अमेरिकेत काही गाडीमालकांनी कोर्टात केला. पण सोयाच्या आधीही उंदीर वायरी तोडतच होते. आपल्या मारुतींना कुठे सोया होतं?

तो गाडीत येतो ते तीन कारणांनी. आडोसा, ऊब आणि निवांतपणा. संध्याकाळी घरी आलेल्या गाडीचं इंजिन बराच वेळ गरम असतं. आत अंधार, वर झाकण, मांजर पोचत नाही. कुठून तरी पोळीचा तुकडा आणायचा आणि इंजिनावर बसून शांतपणे खायचा. बॉनेट उघडल्यावर अर्धवट खाल्लेला बटाटा, कोंबडीचं हाड, पेरूच्या बिया दिसल्या नाहीत असा गाडीमालक आपल्याकडे विरळा. म्हणजे गाडी हे त्याचं जेवणघर आणि झोपायची खोली. स्वयंपाकघर दुसरीकडे. ही गोष्ट आम्हाला कळायला फार वर्षं लागली.

ज्याचा त्याचा उपाय

त्यानंतर आला 'ज्याचा त्याचा उपाय' हा कालखंड. हा सगळ्यात लांबला. बी विंगमधल्या वहिनींनी बॉनेटखाली डांबरगोळ्यांच्या पुरचुंड्या टांगल्या. एसी लावला की सगळ्या गाडीला जुन्या ट्रंकेचा वास. कोणी तंबाखूची पानं ठेवली, कोणी हिंगाचं पाणी शिंपडलं, कोणी पुदिन्याचं तेल. एका इंजिनिअर सभासदांनी कानाला ऐकू न येणारा आवाज करणारं यंत्र आणलं. पहिला आठवडा उंदीर दिसले नाहीत, दुसऱ्या आठवड्यात एक त्या यंत्रावरच बसलेला दिसला. उंदराला कुठल्याही आवाजाची सवय होते, आणि तो आवाज अडथळ्यापलीकडे जात नाही. वासाचंही तेच. वास उडून जातो, उंदीर राहतो.

त्यातल्या त्यात टिकाऊ उपाय दोनच दिसले. एक म्हणजे गाडीच्या खालच्या फटींना गॅल्व्हनाइज्ड जाळी. जाळीची भोकं बारीक हवीत, कारण लहान चिचुंदरीएवढं पिल्लू करंगळीएवढ्या भोकातूनही आत जातं. दुसरा, वायरींना तिखट चिकटपट्टी. होंडा कंपनीने मिरचीतलं तिखट द्रव्य लावलेली अशी पट्टी काढली आहे.

मी दोन्ही केलं. जाळी लावली, पट्टी गुंडाळली, वर तंबाखू, आणि रोज रात्री बॉनेट उघडं ठेवून खाली दिवा. माझ्या गाडीतला उंदीर गेला. मला फार अभिमान वाटला. सगळ्यांना बोलावून दाखवलं.

तो कुठे गेला, हे मी विचारलं नाही.

माझ्या शेजारच्या जागेवर ज्यांची गाडी असते, त्यांच्या आईंना एका पहाटे छातीत कळ आली. मी तेव्हा कोल्हापूरला लग्नाला गेलो होतो. त्यांनी आईंना लिफ्टने खाली आणलं, गाडीत बसवलं, किल्ली फिरवली. गाडी सुरू होईना. पुन्हा पुन्हा फिरवली. वॉचमन मामा रस्त्यावर धावत गेले, एका रिक्षावाल्याला झोपेतून उठवून आणलं. आजी वाचल्या. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. दुपारी मेकॅनिकने बॉनेट उघडलं. इंधनाच्या पंपाची वायर तुटली होती आणि इंजिनावर तंबाखूच्या पानांचा चुरा पडलेला होता.

तंबाखू त्यांच्याकडे कोणी आणत नव्हतं. तो माझ्या गाडीतून आला होता. उंदराने माझी पानं ओढून नेऊन तिथे घरटं केलं होतं. मी कोल्हापूरहून आलो, त्यांच्याकडे आजींना बघायला गेलो, संत्री दिली, चहा घेतला. तंबाखूचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. आज काढतो. दोष माझ्या एकट्याचा होता असं नाही. पण 1897 मध्ये गटारात कार्बोलिक ओतणाऱ्यांना आपण नावं ठेवतो, मी त्यापेक्षा वेगळं काय केलं होतं? त्यांना निदान ठाऊक तरी नव्हतं.

विषाचा ठराव

त्या घटनेनंतर सभा तापली. विष घालायचा ठराव आला, तो मी मांडला, आणि बहुमताने मंजूर झाला. आम्ही बाजारातून विषारी वड्या आणल्या.

या वड्यांचा इतिहास मला नंतर कळला. अमेरिकेत कुजलेला गवती चारा खाऊन गायी रक्तस्रावाने मरू लागल्या. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत त्या चाऱ्यातलं द्रव्य सापडलं आणि त्यावरून पुढे वॉरफरिन तयार झालं. 1948 मध्ये ते उंदराचं विष म्हणून विकायला आलं. काही वर्षांनी तेच द्रव्य, मोजून मापून, हृदयरोग्यांना रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देऊ लागले. आपल्या सोसायटीत आजही दोन जण ही गोळी घेतात. आजच्या वड्यांतली विषं त्याच कुळातली, पण जास्त जहाल.

उंदीर नव्या वस्तूला लगेच तोंड लावत नाही. बरेच दिवस लांबून बघतो. आणि या विषाने तो खाल्ल्यावर लगेच मरत नाही, चार-पाच दिवसांनी मरतो, तेही त्याला सोयीच्या जागी. आपल्याकडे त्याने डक्ट निवडला, फॉल्स सीलिंग निवडलं, एका गाडीच्या डॅशबोर्डचा आतला भाग निवडला. त्या गाडीत पंधरा दिवस कोणी बसू शकलं नाही. मग सी विंगजवळची पिवळी मांजर मेली. तिने अर्धमेला उंदीर खाल्ला असणार. तिला दूध घालणाऱ्या मुलीने माझ्याशी बोलणं सोडलं. तिच्या आईने सौ.शी सोडलं. मांजर होती तीच आमच्या बाजूने काम करणारी, आणि तिलाच आम्ही मारलं. धामणीनंतर हा दुसरा प्रकार. सहा महिन्यांत उंदीर पुन्हा तेवढेच. उंदरीण तीन आठवड्यांत वितते आणि तिची पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः विणायला तयार होतात. खायला आहे तोवर आपण मारून किती मारणार?

टाळेबंदी

मार्च 2020 मध्ये करोना आला आणि सव्वाशे वर्षांपूर्वीचा तोच साथरोगांचा कायदा पुन्हा लागू झाला. गाड्या जागच्या जागी उभ्या. आसपासची हॉटेलं बंद, तिथले उंदीरही बेकार झाले आणि आपल्याकडे आले. टाळेबंदी उठल्यावर गाड्या सुरू करायला लोक खाली उतरले, आणि कितीतरी गाड्यांनी नुसता टक् टक् आवाज केला. एकीच्या एअर फिल्टरमध्ये चक्क घरटं, त्यात कोणाच्या तरी मास्कच्या चिंध्या.

त्या वेळी रात्रपाळीचे वॉचमन मामा मला म्हणाले, "सर, तुम्ही उंदराला गाडीत शोधताय. त्ये गाडीत झोपायला येतंय. खातंय कुठं त्ये बघा की." आणि त्यांनी एक गोष्ट केली. घरून मुलीची रांगोळी आणली आणि चार रात्री पार्किंगमध्ये, जिन्याखाली, चेंबरपाशी, भिंतीच्या कडेने पातळ भुरभुरली. सकाळी पावलांचे ठसे. आम्ही चौघे कमिटीवाले, हातात वही घेऊन, रांगोळीवर वाकून बघतोय आणि वरून मुलं हसताहेत, असं ते दृश्य होतं.

चार दिवसांत नकाशा तयार झाला. सगळे रस्ते चार ठिकाणी जात होते. रात्रभर उघडी राहणारी ओल्या कचऱ्याची पिंपं, कबुतरांना टाकलेली ज्वारी, भटक्या कुत्र्यांच्या रात्री उरलेल्या थाळ्या, आणि मागच्या भिंतीजवळचा झाकण फुटलेला चेंबर. गाड्या कुठेच मुक्कामाच्या ठिकाणी नव्हत्या. त्या वाटेवरच्या धर्मशाळा होत्या.

कबुतरांवरून सभेत पुन्हा वाद झाला. दाणे टाकणाऱ्या आजी म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं दाणे घालते, तुमच्या गाड्या काल आल्या." कोणाला उत्तर सुचलं नाही. शेवटी तेच शेजारी, ज्यांच्या आईंना रिक्षातून न्यावं लागलं होतं, उठले आणि म्हणाले, "काकू, सकाळी घाला, गच्चीवर घाला, आणि उरलेलं मी स्वतः झाडून काढतो." महिनाभर त्यांनी खरंच झाडलं. मग आजींनीच दाणे कमी केले.

आता आपण काय करतो

ज्यांची मुलं आता गाडी घेणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो.

ओला कचरा रात्री खाली ठेवायचा नाही. सकाळी 'स्वच्छ'च्या ताई येतात तेव्हाच घट्ट झाकणाच्या डब्यातून द्यायचा. कुत्र्या-मांजरांना खाऊ घालायला कोणाची हरकत नाही, थाळी अर्ध्या तासाने उचलायची. चेंबरची झाकणं फुटली की त्याच आठवड्यात बदलायची. बिळं नुसत्या मातीने बुजवली तर दुसऱ्या दिवशी उघडी. काचेचा चुरा आणि सिमेंट भरलं तर टिकतात. डक्टमधल्या पाइपांच्या फटींना जाळी.

गाडीपुरतं म्हणाल तर गाडीत खायचं काही ठेवू नका, मुलांच्या सीटखालची बिस्किटंसुद्धा. गाडी आठवड्यातून दोनदा तरी हलवा. परगावी जाणार असाल तर किल्ली शेजाऱ्यांकडे देऊन जा. बॉनेट आठवड्यातून एकदा उघडून बघा. लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडू नका. हातमोजे घाला, जंतुनाशकाचं पाणी शिंपडा, मग ओल्या फडक्याने पुसा. उंदराच्या मूत्रातून लेप्टो होतो. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत त्याने किती माणसं नेली ते आठवा. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा अचानक लागला तर गाडी रेटू नका, आधी वायरी तपासा. विमा घेताना उंदराचं नुकसान त्यात धरलंय का, ते विचारून घ्या. विष आपण बंद केलं. चार पिंजरे आहेत, त्यांची जबाबदारी महिन्यागणिक एकेका विंगकडे.

उंदीर संपले का? नाही. दर गणपतीत मुलं मखरापुढे विचारतात, "आजोबा, हा आपल्या पार्किंगमधलाच ना?" मी म्हणतो, असेल बाबा, वर्षातले दहा दिवस तोही सभासद. पण गेल्या दोन वर्षांत वायरीसाठी कोणाची गाडी टोइंगने नेलेली मला तरी आठवत नाही.

मुंबई महापालिकेत रात्री काठी आणि बॅटरी घेऊन उंदीर मारणारी माणसं नोकरीला आहेत. आपल्याकडे तसं कोणी नाही. आपल्याकडे होते वॉचमन मामा. ते गेल्या वर्षी गावी परत गेले. त्यांच्या निरोपाला आपण शाल-श्रीफळ दिलं, पण भाषणात कोणी रांगोळीचा उल्लेख केला नाही. इतिवृत्तातही 'समितीने पाहणी केली' एवढंच लिहिलं आहे. लिहिणारा मीच होतो. ती चूक या स्मरणिकेत दुरुस्त करतो. पाहणी समितीने केली नाही, मामांनी केली.

आणि शेजाऱ्यांना, ज्यांच्याकडे मी संत्री घेऊन गेलो होतो आणि खरं न बोलता परत आलो, त्यांना एवढंच सांगतो. तंबाखू माझा होता. आजी आता ब्याण्णव वर्षांच्या आहेत. रौप्यमहोत्सवाच्या कार्यक्रमाला त्यांना खाली आणायचं असेल, किंवा कधीही, कुठल्याही वेळी दवाखान्यात न्यायचं असेल, तर बेल वाजवा. माझ्या गाडीची एक किल्ली आजच तुमच्याकडे देऊन ठेवतो.

— ए विंगमधला एक जुना सभासद